शिपवरचे पहिले नऊ आठवडे: बडोद्याच्या मुलामुलींसाठी

मुक्ता_दांडियाबाजार

नमस्कार मंडळी,

मी दांडिया बाजारची. हॉटेल मॅनेजमेंट केलं, दोन वर्षं अलकापुरीतल्या एका हॉटेलच्या बेकरीत काढली आणि नोव्हेंबरात क्रूझ शिपवर साईन ऑन झाले. आज नऊ आठवडे झाले. गल्लीतली दोन मुलं आणि आईच्या भजनी मंडळातल्या एक मावशी मला सारखं विचारतात, "कसं असतं गं तिथे?" फोनवर सांगून होत नाही आणि इथलं नेट महाग, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. शिपचं आणि कंपनीचं नाव मात्र लिहिणार नाही.

पाणी म्हणजे माझ्यासाठी सूरसागर तलाव, आणि शाळेच्या सहलीला आजव्याचा जलाशय. अमेरिकेतल्या फोर्ट लॉडरडेलच्या बंदरात बसमधून उतरले तेव्हा समोर एक पांढरी भिंत होती. मान पूर्ण मागे टाकल्यावर वर बाल्कन्या दिसल्या, तेव्हा कळलं की हीच शिप. पाहुणे वरच्या काचेच्या दारातून जातात, आम्ही खालच्या. आत शिरल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा एक लांबलचक पॅसेज लागतो. अमेरिकेतल्या एका हायवेवरून त्याला सगळे 'आय-९५' म्हणतात. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मंगळबाजारात जशी पाय ठेवायला जागा नसते तसं तिथे होतं: फोर्कलिफ्ट, बटाट्यांच्या पेट्या, सुटकेसींचे डोंगर, आणि त्यातून वाट काढत पळणारी पन्नास देशांची माणसं. पासपोर्ट शिपवरच्या ऑफिसात जमा केला, ओळखपत्र आणि लाइफजॅकेट मिळालं. मग सेफ्टीचा वर्ग झाला आणि त्याच रात्री ड्युटी लागली. प्रवासाचा शीण काढायला कुणी वेळ देत नाही, हे मनाशी धरूनच या.

कॅबिन पाण्याच्या पातळीखाली आहे. दोन बंक, एक कपाट, मोरीएवढं बाथरूम. खिडकी नाही. वाचताना ही गोष्ट साधी वाटते, मलाही वाटली होती. तिसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा घड्याळात पाच वाजले होते आणि ते पहाटेचे की संध्याकाळचे हे मला सांगता येईना. मी अंधारात तशीच बसून राहिले. रडू आलं. माझी कॅबिनमेट फिलिपिन्सची, तिचं हे सहावं कॉन्ट्रॅक्ट. तिने काही विचारलं नाही. मला हाताला धरून क्रूच्या ओपन डेकवर नेलं आणि सूर्य दाखवला. मावळत होता. तेव्हापासून नियम केलाय: ड्युटी संपली की झोपायच्या आधी दहा मिनिटं आकाश बघायचं. पाऊस असला तरी.

मी रात्रीच्या बेकरीत आहे, रात्री नऊ ते सकाळी सात. साधारण तीन हजार पाहुण्यांच्या सकाळच्या नाश्त्याचे रोल, क्रोसाँ, ब्रेड आम्ही रात्री करतो. पहिल्या आठवड्यात माझी सगळ्यात मोठी अडचण मैद्याची नव्हती, जमिनीची होती. शिप डोलते तेव्हा कणीक ओट्यावर सरकते. पाटाखाली ओलं फडकं अंथरायचं, ट्रॉलीला ब्रेक लावून शिवाय हुकाने भिंतीला अडकवायचं, आणि ओव्हनमधून ट्रे काढताना शिप कुठल्या बाजूला झुकतेय ते आधी पायाने ओळखायचं. हे पायाचं ज्ञान सहा-सात दिवसांत येतं. एकदा आलं की हात मोकळे होतात.

दुसरं म्हणजे स्वच्छता. अमेरिकेच्या बंदरात येणाऱ्या शिपवर तिथलं सरकारी आरोग्य खातं न सांगता तपासणीला येतं. शंभरापैकी ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळाले की शिप नापास, आणि हा निकाल सगळ्या जगाला बघायला मिळतो. त्यामुळे लाल बादलीत साबणाचं पाणी, करड्या बादलीत साधं पाणी, पांढऱ्या बादलीत जंतुनाशक, हा क्रम झोपेतही चुकता कामा नये. थंड पदार्थ ५ अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये. हातात काही घालायचं नाही. आजीने दिलेल्या बांगड्या मी निघताना काढायला तयार नव्हते. इथे पहिल्या दिवशी सिंकपाशी उभं राहून साबण लावून काढल्या आणि कागदात गुंडाळून कपाटात ठेवल्या. मनगटावरचा पांढरा वळ जायला तीन आठवडे लागले.

सकाळी सातला सुटते तेव्हा बडोद्यात संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. आई दिवा लावायच्या तयारीत असते. मागून पोळीवाल्या काकूंचा आवाज येतो. मी तेव्हा 'शुभ रात्री' म्हणते आणि ती म्हणते, "अगं, आत्ता कुठे दिवेलागण होतेय."

आता मुख्य मुद्दा. इथे येणाऱ्यांना सगळे पैशाचं विचारतात. पैसा ठरलेला आहे, तो मिळतो. जपायची गोष्ट झोप आहे. आठवड्याची सुट्टी नाही, सातही दिवस काम. बंदरात शिप लागली की बाहेर जायची ओढ असते. मीही मेक्सिकोतल्या कोझुमेलला पहिल्यांदा गेले, पाय वाळूत बुडवले, शहाळं प्यायले, आणि त्या रात्री ड्युटीवर माझा अंगठा शीटरच्या, म्हणजे कणीक लाटायच्या यंत्राच्या, रोलरपासून बोटभर अंतरावर होता. झोप न घेता आलेली माणसं इथे स्वतःला आणि दुसऱ्याला इजा करतात. आता मी तीन बंदरांपैकी एकालाच उतरते.

आणखी एक सांगायला हवं. नाताळच्या आठवड्यात मी रोज बारा-बारा तास काम केलं, आणि माझ्या वरच्या माणसाने मला नोंदीत दहाच लिहायला लावले. मी लिहिले. नवीन होते, घाबरले. हे बरोबर होतं का, कुणी जाणकार असेल तर सांगा.

इंजिनरूम_मकरपुरा

मुक्ता, मी एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर होतो, सेकंड इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो. तुझा शेवटचा परिच्छेद वाचून लगेच लिहायला बसलो.

बरोबर नव्हतं. आणि चूक तुझी नाही. सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार २००६ सालचा आहे, २०१३ पासून लागू झाला, आणि भारताने तो २०१५ साली मान्य केला. त्यात विश्रांतीचा हिशोब स्पष्ट आहे: कुठल्याही २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती. ती फार तर दोन तुकड्यांत, आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा हवा. नोंदीवर तुझी सही लागते आणि तिची एक प्रत तुला मिळाली पाहिजे, हाही तुझा हक्क. आता रोज बारा तास सात दिवस केले तर काम ८४ तास होतं आणि विश्रांती ८४ उरते. म्हणजे विश्रांतीच्या नियमात ते बसूही शकतं. मग खोटं लिहायला का लावलं? ओव्हरटाइम द्यायचा नसेल, किंवा तुमचं शिप कामाच्या तासांची मर्यादा पाळत असेल. ती आठवड्याला ७२ आहे. कारण काहीही असो, खोट्या नोंदीवर सही करू नकोस. उद्या तुझ्या हाताला काही झालं तर कागद म्हणेल की पोरगी ताजीतवानी होती.

खिशात एक छोटी डायरी ठेव. सुरू केलेली वेळ, संपलेली वेळ, रोज. मी एकतीस वर्षं ठेवली.

आणि तो पायाने झुकाव ओळखण्याचा भाग वाचून बरं वाटलं. आमच्याकडे त्याला वेगळं नाव नव्हतं, पण नवीन पोरगा जिन्यावर कठडा न धरता चालायला लागला की आम्ही म्हणायचो, आता हा आपला.

शुभदा_मांजलपूर

मुक्ता, फार छान लिहिलंयस. पुढच्या भागाची वाट बघतेय.

मी वरच्या डेकची बाजू सांगते. मागच्या वर्षी सासूबाईंना घेऊन मुंबईहून चार रात्रींच्या क्रूझला गेलो होतो. सासूबाई ७२ वर्षांच्या, वाडीच्या बाहेर फारशा न पडलेल्या. चढल्या चढल्या सगळ्यांना एकत्र बोलावलं, भोंगा वाजला, सात छोटे आणि एक लांब. लाइफजॅकेट कसं घालायचं ते दाखवलं. आजूबाजूचे लोक मोबाइलमध्ये. सासूबाईंनी मात्र एकेक आवाज बोटावर मोजला, आणि रात्री झोपताना मला विचारलं, "आपली जमायची जागा 'सी' म्हणाले ना? जिना डावीकडे." मला स्वतःला आठवत नव्हतं.

मला एकच त्रास झाला. पुढच्या टोकाची, उंचावरची कॅबिन घेतली होती, कारण तिथून समुद्र चांगला दिसतो असं कुणी सांगितलं. दुसऱ्या रात्री पोटात नुसतं ढवळत होतं. असं का होतं?

रोज सकाळी बुफेवर गरम पाव असायचा. तो कुणीतरी रात्रभर जागून केलाय, हे खरंच मनात आलं नव्हतं. आता येईल.

इंजिनरूम_मकरपुरा

शुभदाताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली, ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांचा ड्रिल तेव्हा झालेलाच नव्हता, कारण नियम २४ तासांच्या आत घ्या असं सांगत होता. त्यानंतर नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून शिप सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी ड्रिल घ्यावाच लागतो. म्हणून तो भोंगा.

पोटाचं असं. शिपच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंख असतात, स्टॅबिलायझर. ते डावं-उजवं डोलणं पुष्कळ कमी करतात. पण पुढचं टोक वर-खाली होतं त्याला त्यांचा उपयोग नाही. झोपाळ्याच्या टोकाला बसलं की जास्त हलतं, तसं पुढे आणि उंचावर सगळ्यात जास्त जाणवतं. मध्यभागी, खालच्या मजल्यावर कॅबिन घ्या. शिवाय कान सांगतो हलतोय आणि डोळा सांगतो भिंत स्थिर आहे, या भांडणातून मळमळ होते. बाहेर येऊन क्षितिजाकडे बघितलं की दोघांचं जमतं. मुक्ताच्या कॅबिनमेटने तिला डेकवर नेलं ते या अर्थानेही योग्यच होतं.

प_रावपुरा

माझा मुलगा हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यालाही हेच करायचंय. एका एजंटाने शिपवर 'सेटिंग' करून देतो म्हणून चार लाख मागितलेत, दोन आधी. आम्ही गावाकडची जमीन विकायच्या विचारात आहोत. मुक्ताबेन, तुम्ही किती दिले होते?

मुक्ता_दांडियाबाजार

काका, थांबा. जमीन विकू नका.

मी नोकरीसाठी कुणाला एक रुपया दिलेला नाही. भरतीसाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत, हे इंजिनरूमकाकांनी सांगितलेल्या त्याच करारात आहे. पासपोर्ट, खलाशाचं पुस्तक म्हणजे सीडीसी, आणि सरकारी मेडिकलचं प्रमाणपत्र एवढाच खर्च आपला. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजमालकाकडे असतो. बेसिक सेफ्टीच्या कोर्सची फी मी भरली, ती कोर्स चालवणाऱ्या संस्थेला, पावती घेऊन.

भारतात खलाशी भरती करणाऱ्याकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याचं, लायसन्स लागतं, त्याला आरपीएसएल म्हणतात. त्याचा नंबर असतो आणि डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर तो तपासता येतो. एजंटाला फक्त एवढंच विचारा, "तुमचा आरपीएसएल नंबर द्या." आणि त्याचा चेहरा बघा.

माझ्याबरोबर कोर्सला असलेल्या एका मुलाने असेच पैसे दिले होते. आठ महिने तो 'पुढच्या आठवड्यात जॉइनिंग' ऐकत राहिला. त्याचे वडील रिक्षा चालवतात. मला तो अजून मेसेज करतो, आणि त्याला काय उत्तर द्यावं ते कळत नाही.

माई_वाडी

मुक्ता बेटा, मी तुझ्या आईच्या वयाची. माझी भाची असंच जायचं म्हणतेय. स्पष्टच विचारते, मुलीच्या जातीला तिथे कसं असतं?

मुक्ता_दांडियाबाजार

माई, स्पष्टच सांगते.

कॅबिन मुलींची मुलींबरोबर. दाराला कार्ड. पॅसेजमध्ये कॅमेरे, रात्री सिक्युरिटीची फेरी. पाहुण्यांच्या खोलीत क्रूने कामाशिवाय पाऊल टाकलं तर नोकरी जाते. कुणी त्रास दिला तर तक्रार कुठे करायची हे पहिल्याच आठवड्याच्या वर्गात सांगतात. कागदावर व्यवस्था चांगली आहे.

पण कागद तुमच्या वतीने बोलत नाही. क्रू बारमध्ये रात्री लोक थकलेले असतात, पितात, आणि 'नाही' दोनदा म्हणावं लागतं. भाचीला ते पहिल्यांदाच मोठ्याने म्हणता यायला हवं. आणि पहिल्या आठवड्यात एक जुनी बाई गाठायला सांगा, कुठल्याही देशाची. मला माझी कॅबिनमेट मिळाली. मी हे लिहितेय तेव्हा ती वरती घोरतेय आणि मला त्या आवाजाशिवाय आता झोप येत नाही.

पोहता येत नसेल तर निघायच्या आधी शिकू दे. कोर्समध्ये लाइफजॅकेट घालून उंचावरून तलावात उडी मारावी लागते. मी दोन महिने लालबागेच्या तरणतलावात सकाळी सहाला जायचे, म्हणून त्या दिवशी पाय लटपटले नाहीत.

सयाजीगंजचे_आजोबा

धागा आवडला. मी ८१ वर्षांचा. माझी आजी समुद्राला काळं पाणी म्हणायची आणि ओलांडणाऱ्याला पंक्तीला बसू देत नसत, असं सांगायची. त्याच काळात आपले सयाजीराव महाराज १८८७ साली पहिल्यांदा युरोपला गेले. १८९३ साली अरविंद घोष इंग्लंडहून बोटीने मुंबईला उतरले ते बडोद्याच्या नोकरीत रुजू व्हायलाच. १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन बोटीने अमेरिकेला गेले. या शहराला समुद्र नाही, तरी इथून बोटीचा रस्ता जुना आहे. पण ती सगळी माणसं प्रवासी होती. बोटीच्या पोटात भट्टीपाशी उभं राहणारी दांडिया बाजारची मुलगी माझ्या वाचनात पहिलीच. मुक्ता, तुझ्या आजीच्या बांगड्या कपाटात आहेत ना? कॉन्ट्रॅक्ट संपून साईन ऑफ झाल्यावर विमानात बसायच्या आधी घाल.

मुक्ता_दांडियाबाजार

आजोबा, घालेन. नक्की घालेन.

चार दिवस लिहिता आलं नाही. मध्ये उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, झालं. आमच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, काय चाललं असेल ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. रात्री एकला माझा ब्रेक होता, म्हणजे बडोद्यात सकाळचे साडेअकरा, पतंगांची ऐन वेळ. भावाने व्हिडिओ कॉल केला. चित्र सारखं अडकत होतं, पण आवाज आला: पिपाण्या, "काप्यो छे!", आणि मागे आई ओरडतेय की उंधियू गार होतोय. मी क्रू मेसमध्ये भाताची ताटली घेऊन बसले होते. शेजारी एक इंडोनेशियाचा मुलगा होता, त्याने विचारलं तुमच्याकडे भांडण चाललंय का. मी त्याला टिश्यूचा पतंग करून दाखवला. त्याच्या गावीही पतंग उडवतात म्हणाला, मोठाले, दहा-दहा जण मिळून.

आता नोंदींचं. इंजिनरूमकाका, तुमचा प्रतिसाद वाचून मी डायरी घेतली. कॅबिनमेट माझ्याबरोबर क्रू ऑफिसला आली. मी नाताळच्या आठवड्याच्या वेळा आठवून लिहून नेल्या. तिथल्या बाईंनी ऐकून घेतलं, दारावरच्या कार्डाच्या नोंदींशी ताडून पाहिलं आणि तास दुरुस्त झाले. ओव्हरटाइमही मिळाला. वरचा माणूस आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. काल त्याने स्वतःहून येऊन "तुझे रोल आज चांगले फुगले" म्हटलं. मी "थँक यू" म्हटलं. मनातला कडवटपणा अजून गेलेला नाही, पण आता मी खरी वेळ लिहिते आणि तो त्यावर सही करतो.

प_रावपुरा

मुक्ताबेन, एजंटाकडे लायसन्सचा नंबर मागितला. आधी म्हणाला ऑफिसात आहे, मग म्हणाला मुंबईच्या पार्टीच्या नावावर आहे, मग फोनच उचलेना. वेबसाइटवर त्याचं नाव नाही. व्यवहार मोडला. जमीन आहे तिथेच आहे. घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नव्हतं, काल जेवलो.

मुलाने सेफ्टी कोर्सची चौकशी केली आहे आणि सोमवारपासून लालबागेत पोहायला जाणार आहे. तो विचारतोय, सामानात काय आणायचं जे कुणी सांगत नाही?

मुक्ता_दांडियाबाजार

काका, वाचून फार फार बरं वाटलं.

त्याला सांगा, कॅबिनच्या भिंती लोखंडी असतात, खिळा ठोकता येत नाही. मंगळबाजारात लोहचुंबकाचे हुक मिळतात, ते दहा-बारा आणायचे. टॉवेल, टोपी, ओळखपत्र, सगळं त्यावर टांगता येतं. माझा गणपतीही चुंबकावरच आहे. न घसरणारे काळे बूट अर्धा नंबर मोठे घ्यायचे, दहा तास उभं राहून पाय सुजतात. कपड्यांचे चिमटे सहा, बंकचा पडदा घट्ट बंद करायला. नव्याला बहुतेक वरचा बंक मिळतो आणि दिवा नेमका तोंडावर येतो. मला खालचा मिळाला, कारण कॅबिनमेटला वरचाच आवडतो. मेतकूट आणायचं असेल तर सीलबंद पाकीट, घरची बरणी बंदरावर टाकायला लावतात. माझी टाकायला लावली.

आणि कानात घालायचे बोळे, भरपूर. शिप बंदरातून निघताना बाजूला ढकलणारे थ्रस्टर सुरू होतात, आमच्या कॅबिनच्या अगदी जवळ. सगळा बंक थरथरतो.

आज दुपारी चारला सुरू होणार आहेत ते. आत्ता सकाळचे साडेनऊ झाले. आकाश बघून आले, ढगाळ होतं. झोपते.